पारदर्शक देह आणि हरवलेलें माप

जळगांवच्या मेहरूणचीं बोरें खानदेशांत प्रसिद्ध आहेत. तीं उन्हांत वाळविलीं कीं गर आटतो, साल सुरकुतते. आठळी मात्र होती तेवढीच राहते. अशा सुकल्या बोरावरून ताज्या बोराचें माप काढूं गेल्यास एका पटीनें गुणून भागत नाहीं. शरीराचे अवयव पारदर्शक करून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें शंभराहून अधिक वर्षें हीच अडचण उभी आहे.

या विद्येचे आद्य पुरुष म्हणजे लायप्झिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स. मांसांतून आरपार दिसत नाहीं तें केवळ त्याच्या रंगामुळें नव्हे. पाणी, चरबी व प्रथिनें प्रकाशाला कमीअधिक वळवितात आणि त्यांच्या असंख्य सीमांवर तो विखुरतो. श्पाल्टेहोल्त्स यांनीं अवयवाचा रंग उडविला, मद्यार्कानें त्यांतील पाणी काढलें आणि त्या जागीं प्रकाशाला मांसाइतकेंच वळविणारें विंटरग्रीनचें तेल मुरविलें. १९११ मध्यें ही युक्ति प्रसिद्ध झाली, आणि पुढें हृदयाच्या भिंतींतील रक्तवाहिन्या सुरी न लावतां दिसूं लागल्या.

परंतु पाणी गेलें तसा आकारहि घटला. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं एक-पंचमांशानें घटली तर घनफळ जवळजवळ निम्मेंच उरतें, आणि तेवढ्याच जागेंत मोजलेल्या पेशी दुप्पट भरतात. मेंदू रोगानें आटला कीं मद्यार्कानें, हें ठरविणाऱ्यास ही चूक परवडणारी नाहीं.

२००७ मध्यें हान्स-उलरिख डोट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही जुनी युक्ति पुन्हा उचलली. पारदर्शक केलेल्या उंदराच्या मेंदूंत बाजूनें प्रकाशाचा पातळ पडदा सोडून त्यांनीं तो न कापतां थरामागून थर टिपला. २०११ मध्यें जपानांत युरियाचा प्रयोग झाला. तेथें उलटें घडलें, नमुना फुगला! २०१५ मध्यें अमेरिकेंतील बॉयडन यांच्या प्रयोगशाळेनें तें फुगणेंच कामाला लावलें. बाळांच्या लंगोटांत पाणी शोषण्यासाठीं घालतात तो पदार्थ वापरून त्यांनीं पेशी सुमारें साडेचार पट ताणल्या. उलट, २०१६ मध्यें म्युनिकच्या एर्ट्युर्क यांनीं आक्रसणेंच गुण मानलें. अख्खा उंदीर सूक्ष्मदर्शकाखालीं मावत नाहीं. आकार ६५ टक्क्यांपर्यंत घटविला तेव्हां तो मावला.

एवढी उलथापालथ होत असतां मापाची फेड कशी करावयाची? नमुना चौकटीच्या कागदावर ठेवून प्रक्रियेच्या आधीं व नंतर छायाचित्र घेतलें कीं बाहेरची घट कळते. पण आंतले भाग सारख्या प्रमाणांत आक्रसतातच असें नाहीं. त्यासाठीं मेंदूची चुंबकीय प्रतिमा आधींच घेऊन ठेवतात आणि नंतरचें चित्र तिच्यावर भागाभागानें ताणून बसवितात.