कुंडलिकेच्या खोऱ्यातील तळ : जमाव, गाड्या आणि मोकळी जमीन

रोहा आणि कोलाड यांच्या दरम्यान, कुंडलिका नदीच्या खोऱ्यात धाटाव हे गाव आहे. आज त्याची ओळख महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजेच एमआयडीसीच्या, वसाहतीतील रासायनिक कारखान्यांमुळे आहे. आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलाड, साजे, रावाळजे या परिसरात, गेल्या काही दशकांत तंबूत राहण्याची सोय असलेली मुक्कामाची ठिकाणे उभी राहिली आहेत. अशा ठिकाणी एखाद्या कंपनीची सहल, लग्न किंवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला की राहण्याची सोय होते, जेवणाची होते, पण आवारात न मावणाऱ्या मोटारी आणि बस कोठे उभ्या करायच्या हे बहुतेकदा कोणी आधी ठरवलेले नसते. हा पेच मोटारींच्या काळातला वाटला, तरी त्याचे मूळ या खोऱ्यातील जमिनीच्या वापरात आणि शेतीच्या हंगामात आहे, आणि ते मोटारींपेक्षा बरेच जुने आहे.

रोहा हे पूर्वी खाडीवरचे बंदर होते. रेवदंड्याकडून भरतीच्या पाण्यावर होड्या आणि लहान गलबते आत येत आणि तालुक्याचा भात मुंबईकडे नेत. भरतीची वेळ ठरलेली असल्यामुळे भाताच्या बैलगाड्याही त्या सुमारास एकदम बंदरावर जमत आणि गलबत भरेपर्यंत त्यांना थांबून राहावे लागे. थांबलेल्या बैलगाडीला आजच्या मोटारीपेक्षा अधिक गोष्टी लागतात. बैल सोडले की जू जमिनीला टेकते, बैल चाकाला किंवा मेखेला बांधले जातात, त्यांच्यापुढे पेंढा टाकावा लागतो आणि जवळ पाणवठा असावा लागतो. शिवाय एका गाडीचे बैल दुसऱ्या गाडीच्या पेंढ्यापर्यंत पोहोचणार नाहीत एवढे अंतर ठेवावे लागते. म्हणूनच गाडीतळाची जागा निवडताना पाणी, सावली आणि कोरडी जमीन या तीन गोष्टी पाहिल्या जात.

कोरडी आणि मोकळी जमीन कोकणात वर्षभर मिळत नाही. येथील भातजमीन खाचरांची असते. खाचर म्हणजे चहूबाजूंनी बांध घालून पाणी धरून ठेवणारा शेताचा तुकडा. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत खाचरात भात उभे असते, ते कापल्यावर जमिनीतील ओलीवर वाल पेरला जातो, आणि त्याच वालाच्या शेंगांची पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा, खाण्यासाठी पौष-माघात शहरातून पाहुणे येतात. डोळवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यांचे पाणी जेथे पोहोचते तेथे उन्हाळी भातही घेतले जाते, आणि अशा जमिनी उन्हाळ्यातही रिकाम्या नसतात. खऱ्या अर्थाने मोकळ्या राहणाऱ्या जागा दोनच प्रकारच्या असतात. एक वरकस, म्हणजे नाचणी, वरी किंवा गवत येणारी उताराची हलकी जमीन. दुसरे गुरचरण, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेले सार्वजनिक रान. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते आणि तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते. तो दिवस नेमका असा येतो की हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात कापणीला आलेले असते, गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, अजून शेतात उभे असते आणि खाचरात गाडी घालणे हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या अन्नावर घाला ठरतो. अशा दिवशी गावाबाहेरून येणाऱ्या गाड्यांना शेताखेरीजच्या जमिनीचाच आधार उरतो.

मोठ्या जमावाचा तळ आधी आखून ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मराठी लष्करात पुढे जाऊन मुक्कामाची जागा निश्चित करणारे अधिकारी बिनीवाले म्हणून ओळखले जात. दौलतराव शिंदे यांच्या छावणीत 1809 मध्ये राहिलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्रॉटन याने आपल्या पत्रांत तपशिलाने लिहिले आहे की, बिनीवाला पहाटे निघून नव्या जागी लहान पांढरे निशाण रोवीत असे, त्यावरून महाराजांच्या डेऱ्यांची जागा ठरे, आणि मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे दरवेळी त्याच क्रमाने लावली जात. त्यामुळे मागून येणाऱ्याला आपले ठिकाण विचारावे लागत नसे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप देणारे हैबतबाबा आरफळकर हेही शिंद्यांच्या सेवेत होते असे परंपरा सांगते, आणि सोहळ्यातील दिंड्यांचा ठरलेला क्रम व तळावरील शिस्त पाहता ही परंपरा विश्वसनीय वाटते. आजही दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर वारकऱ्यांच्या पुढे जाऊन नेमून दिलेल्या जागेवर राहुट्या उभारतात. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातील मुक्कामांवर उच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यानंतर प्रशासनाने पलीकडच्या काठावर 65 एकरांचे क्षेत्र वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी सिद्ध केले. या सर्व व्यवस्थांमध्ये जागा आधी आणि माणूस नंतर हा क्रम पाळला गेला आहे.

हा विचार कायद्यातही उतरला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 22 जिल्हाधिकाऱ्यांना शासनाच्या पडीक जमिनी काही खास कामांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार देते, आणि त्या कामांच्या यादीत गुरचरण, दहनभूमी, गावठाण, खळे आणि बाजार यांच्याच रांगेत मुक्कामाच्या तळाचीही जागा आहे. एकदा राखलेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. वाटसरूंचा तळ ही स्मशानाइतकीच आणि खळ्याइतकीच गावाची गरज आहे, हे तेथे स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र खोऱ्याचे चित्र पालटले. 1961 च्या कायद्यानुसार 1962 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पुढे धाटावला वसाहत उभारली, आणि तिच्या रस्त्यांवर रसायनांच्या टँकरांची ये-जा सुरू झाली. 1986 मध्ये रेल्वे रोह्याला आली, रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू झाली, आणि 26 जानेवारी 1999 पासून कोलाड स्थानकावर मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत नेण्याची रो-रो सेवा चालू झाली. ट्रकांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागणार हे या सेवेत आरंभीच गृहीत धरलेले होते. पर्यटनाच्या वाट्याला असे नियोजन आले नाही.

पर्यटकांची गर्दी एका वेळी का होते याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणाचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून खाली उतरवून भिरा येथील टाटांच्या केंद्रात 1927 पासून वीज तयार केली जाते. वीज तयार करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत येते आणि त्यामुळेच रबरी तराफ्यांतून प्रवाहावर जाण्याचा खेळ, म्हणजे राफ्टिंग, येथे वर्षभर चालतो. पाणी सकाळी सुटते, म्हणून मुंबई-पुण्याहून निघालेली सर्व वाहने सकाळच्या त्याच तासा-दोन तासांत पोहोचतात. एकेकाळी रोह्याच्या बंदरावर भरती गाड्या जमवीत असे. आता तेच काम भिऱ्याचे जनित्र करते. त्यात आणखी एक अडचण अशी की तराफा जेथून सुटतो तेथून सुमारे 12 किलोमीटर खाली जाऊन लागतो, त्यामुळे वाहनांसाठी दोन्ही टोकांना जागा हवी असते, अन्यथा माणसांना पुन्हा वर पोहोचवणाऱ्या जीपगाड्यांची भर पडते.

अशा वेळी शेजारच्या शेतकऱ्याचे खाचर दिवसाच्या भाड्याने घेण्याचा मार्ग समोर येतो. बस आत घेण्यासाठी बांध एका जागी फोडावा लागतो, चाकांखाली भाताची धसकटे आणि माती दबून घट्ट होते, आणि मृगापूर्वी तो बांध पुन्हा घालून नांगरट अधिक खोल करावी लागते. भाडे ठरवताना या कष्टाची किंमत धरली गेली पाहिजे. त्याहूनही वाईट म्हणजे जागा न शोधताच वाहने रस्त्याच्या कडेला लावणे. धाटावच्या बाजूला तर अग्निशमन बंबाला आणि रुग्णवाहिकेला वाट मोकळी हवी असते, आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारी ही हयगय जिवावर बेतू शकते.

कलम 22 चा अधिकार आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे, आणि धाटाव ते रावाळजे या पट्ट्यात शासकीय पडीक जमिनीचे काही तुकडे तळासाठी नेमून त्यांचे शुल्क ग्रामपंचायतींना मिळावे अशी व्यवस्था करणे अशक्य नाही. मात्र गुरांचे रान त्यासाठी घेतले जाऊ नये. फाल्गुन ते वैशाख या काळात कोरडवाहू खाचरांचा आणि वरकस उतारांचा जोड तळ म्हणून उपयोग होऊ शकतो. पावसाळ्यात मात्र मुरूम टाकून पक्क्या केलेल्या जागेवाचून गत्यंतर नाही, कारण तेव्हा खाचरांत लावणी झालेली असते, उतारांवरची माती चाक धरत नाही, आणि राफ्टिंगसाठी माणसांची रीघ त्याच महिन्यांत लागते.