द्यावा, दिला पाहिजे, द्यावा लागतो

व्याकरण हा पंडितांचा विषय. तेथे आम्हा चळवळीतल्या माणसांचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. आमचे शिक्षण रात्री जागून केलेल्या वाचनाचे. परंतु मागणीपत्रे आणि करारनामे लिहिण्यात आमची उमर गेली, आणि कामगाराचे हित पुष्कळदा वाक्याच्या शेवटच्या क्रियापदात असते, हे आम्ही तेथे शिकलो. भोईवाडा ही गिरणगावातली वस्ती आहे. या वस्तीचा इतिहास कर्तव्य सांगणाऱ्या तीन क्रियापदांच्या आधारे सांगता येतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. शाळेत आपण ज्याला विध्यर्थ म्हणून शिकलो, ते पहिले रूप: 'त्याने जावे'. हा 'आवे' संस्कृतातील 'तव्य' या प्रत्ययापासून आला. म्हणजे 'करावे' आणि 'कर्तव्य' ही एकाच घरची भावंडे. संस्कृतात येथे कर्ता तृतीयेत असतो. मराठीतही तो 'ने' घेऊन उभा राहतो. काम त्याचे, आणि ते टाळण्याची मोकळीकही त्याचीच. म्हणून या रूपात उपदेश असतो, विनंती असते, सक्ती नसते.

दुसरे रूप 'पाहिजे'. हे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप आहे. ज्ञानेश्वरांच्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे' अशी रूपे होती. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'जाणिजे' येते. ती बोलण्यातून गेली. 'पाहिजे' मात्र टिकले. मूळ अर्थ 'पाहिले जाते', म्हणजे ज्याची वाट पाहिली जाते, ज्याचा शोध असतो ते. जे शोधायचे ते हवेसे, आणि जे हवे ते झाले पाहिजे, असा अर्थ सरकत गेला.

तिसरे 'लागणे'. भूक लागते, ठेच लागते, तसेच 'जावे लागते'. येथे माणूस 'ला' घेऊन येतो: 'त्याला जावे लागते'. तो करणारा राहत नाही. गोष्ट त्याच्यावर येऊन पडते.

आता इतिहासाकडे येऊ. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली. प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादा घातली नाही. त्याला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबावे लागे. लागण्याचे सारे ओझे एकट्या त्याच्याच माथी होते. १८८४ च्या सप्टेंबरात येथे जवळच, परळच्या सुपारीबागेत, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. रविवारी सुटी मिळावी; दुपारी अर्धा तास विश्रांती असावी; काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे; मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत व्हावा; अपघातात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. मागण्या अशा, आणि त्यांवर साडेपाच हजारांच्या घरात सह्या.

पहा, मागण्या साऱ्या 'आवे'च्या आहेत. त्यांचे पुढे काय झाले? १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. १९२३ साली अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला. १९३६ च्या कायद्याने पगार महिना संपल्यावर सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत देण्याचे बंधन घातले. 'मालकाने पगार वेळेवर द्यावा' या वाक्याचे 'मालकाला पगार वेळेवर द्यावा लागतो' असे वाक्य व्हायला बावन्न वर्षे लागली. 'ला' हा प्रत्यय कामगाराकडून मालकाकडे सरकविणे, कामगार चळवळ म्हणजे आमच्या मते हेच.

मधल्या वाटेवर 'पाहिजे' असते. १९५५ नंतर याच गिरणगावातून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा घुमली. या वाक्यात ते कोणी करायचे हे सांगितलेले नाही. तरी ती अपुरी पडली नाही, कारण ती कोणाला उद्देशून आहे हे दिल्लीपर्यंत सर्वांना ठाऊक होते, आणि तिच्यामागे शंभरावर हुतात्म्यांचे बलिदान होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

परंतु रस्त्यावर जे चालते ते कागदावर चालत नाही. आम्ही एका कारखान्यात गेलो, तेव्हा आधीच्या करारात एक कलम होते: 'कामगारांच्या जेवणासाठी निवारा बांधण्यात यावा.' दोन पावसाळे माणसे भिंतीच्या आडोशाला उभ्याने डबा खात होती. व्यवस्थापन कंत्राटदाराकडे बोट दाखवी, कंत्राटदार व्यवस्थापनाकडे. दोघांनाही दोष देता येईना, कारण वाक्यात दोघेही नव्हते. पुढच्या करारात आम्ही लिहून घेतले, की कंपनीने अमुक तारखेच्या आत निवारा बांधला पाहिजे. न बांधल्यास दर दिवशी अमुक रक्कम तिला द्यावी लागेल. निवारा उभा राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर मनोरे उठले. 'गिरणी कामगारांना घरे मिळालीच पाहिजेत' ही मागणी त्यानंतरची. काहींना घरे मिळाली. पुष्कळ म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस अजून वाट पाहत आहेत. 'पाहिजे' या शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळला असेल?

म्हणून आपणा सर्वांना एवढीच विनंती. सोसायटीचा ठराव असो, नगरपालिकेला अर्ज असो की संघटनेचे मागणीपत्र असो, 'करण्यात यावे' असे लिहून झाले की क्षणभर थांबावे आणि विचारावे: कोणी? ते नाव त्या वाक्यात घालावे. त्यापुढे तारीख घालावी. मग त्या नावाला 'ने'वरून 'ला'वर आणण्यासाठी जे करावे लागेल, ते आपण सर्वांनी मिळून करावे.