परसबागेतील कोळी

घराभोवतीच्या बागेत, कुंड्यांत आणि वाफ्यांत किडींवर जगणारे आठ पायांचे संधिपाद प्राणी. कोळी हे कीटक नव्हेत. त्यांना शृंगिका व पंख नसतात. जगात त्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून, अगदी मोजके अपवाद वगळता सगळे मांसाहारी आहेत. मार्टिन निफेलर व क्लाउस बिर्कहोफर यांच्या २०१७ च्या अंदाजानुसार जगभरातील कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात. त्यातील बहुतांश वाटा जंगले आणि गवताळ प्रदेशांचा आहे. सतत नांगरल्या-फवारल्या जाणाऱ्या शेतात त्यांचे फारसे चालत नाही. परसबागेत मात्र चालू शकते, कारण तिथे कोपरे न हलवता ठेवणे मालकाच्या हातात असते.

कोळ्यांचा उपयोग एखाद्या जातीच्या पराक्रमात नसून अनेक जातींनी वाटून घेतलेल्या जागांत आहे. लांडगा कोळी जाळे न विणता जमिनीवरच्या पाचोळ्यात धावून शिकार करतात. मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते आणि पिले निघाली की त्यांना पाठीवर घेते. पानांवर काटेरी पायांचे ऑक्सिओपिस आणि उड्या मारणारे कोळी मावा, तुडतुडे, लहान अळ्या टिपतात. उड्या मारणाऱ्यांपैकी ठाण्याच्या परिसरातून २०२१ मध्ये वर्णिलेल्या एका जातीला शहीद पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. झुडपांच्या फटींत आर्जिओपी अनासुजा जाळे ताणतो. त्यातली पांढरी नागमोडी नक्षी पावसाळ्यात सहज दिसते. त्यात नाकतोडे, माश्या व पतंग अडकतात.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात सुसान रीचर्ट व लेस्ली बिशप यांनी भाजीच्या वाफ्यांवर केलेला प्रयोग (१९९०) या विषयात महत्त्वाचा मानला जातो. गवताचे आच्छादन घातलेल्या वाफ्यांत कोळी वाढले, किडी व पानांचे नुकसान घटले. मग काही वाफ्यांतून कोळी वेचून काढले, तेव्हा किडी पुन्हा वाढल्या. म्हणजे श्रेय नुसत्या आच्छादनाचे नव्हते. ऑस्वाल्ड श्मिट्झ व सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रयोग त्याहून गमतीचा आहे. त्यांनी कोळ्यांचे तोंड डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून त्यांना गवतात सोडले. मारणे अशक्य असूनही नाकतोड्यांनी गवत कमी खाल्ले. नुसत्या धास्तीनेही पीक वाचते ते असे.

मर्यादा सांगायलाच हव्यात. कोळी मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद करत नाही. फुलावर टपून बसलेला खेकडा कोळी मधमाशीही धरतो, आणि कोळी कोळ्यालाही खातो. एका जागी चिकटून बसणारे पिठ्या ढेकूण व खवले कीड यांवर त्याचा फारसा इलाज नाही, कारण त्याची शिकार बरीचशी हालचालीवर अवलंबून असते. गोगलगायींसाठीही दुसरा उपाय शोधावा. मोठ्या प्रमाणावर किडी आल्या तर कोळी त्या संपवतील, ही अपेक्षा चुकीची. ते किडींची संख्या भडकू देत नाहीत, एवढेच.

त्यांना टिकवायचे तर वाफ्यांवर वाळके गवत किंवा पालापाचोळा पसरावा, झेंडू, तुळस यांसारखी फुलणारी झाडे मध्ये लावावीत आणि कडेचे एखादे झुडूप छाटू नये. दिसेल ते जाळे झाडूने काढण्याची सवय घरात ठीक, बागेत नाही. सर्वांत घातक म्हणजे सर्वनाशी कीटकनाशके. फवारणीनंतर मावा झपाट्याने परततो, कोळी मात्र सावकाश. पिले रेशमी धागा वाऱ्यावर सोडून नव्या जागी पोहोचतात, त्यामुळे बाग कायमची रिकामी राहत नाही. पण मधल्या काळात मावा मोकळा असतो.

बागेतले कोळी पकडल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सहसा चावत नाहीत. पावसाळ्यात अंगावर उठणाऱ्या जळजळत्या फोडांचे खापर मात्र अनेकदा त्यांच्यावरच फुटते. त्यांतले बरेच फोड दिव्याला येणारा पेडेरस नावाचा लहान भुंगेरा त्वचेवर चिरडला गेल्याने येतात.