पुण्यात आल्यावरही अशाच वागाल ना?

गटातल्या एका ताईंच्या मुलीने आम्हाला विचारलं, "मानववंशशास्त्र म्हणजे काय हो? कॉलेजात हा विषय असतो म्हणे." आम्ही बी.ए. झालेल्या, पण पटकन उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, आणि वाचता वाचता इरावती कर्वे भेटल्या.

माणसं कशी राहतात, सोयरीक कुठे जुळवतात, कुणाच्या पंगतीला बसतात आणि काळाबरोबर हे कसं बदलतं, याचा अभ्यास म्हणजे मानववंशशास्त्र. इरावतीबाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे सासरे. सुनेने शिकायला जर्मनीला जावं हे त्यांनाही पटलं नव्हतं, पण पती दिनकर पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये बाईंनी माणसांच्या कवट्या मोजल्या. गोऱ्यांची कवटी वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असं त्यांच्या प्राध्यापकांचं म्हणणं होतं. बाईंच्या मोजमापात तसं काही निघालं नाही, आणि जे निघालं तेच त्यांनी लिहिलं. पुढे 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या.

पण त्यांचा अभ्यास कॉलेजच्या चार भिंतींत मावणारा नव्हता. त्या पंढरीच्या वारीत चालल्या. वारी आपल्याला नवी नाही. शेगावची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, तुळजापूरवरून जाते, आणि आपण तिच्यासाठी भाकरी थापतो. बाईंनी पाहिलं, की दिंडी एक, अभंग एक, पण स्वयंपाक मात्र जातीप्रमाणे वेगळा. याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या मराठा बायकांमध्ये जाऊन जेवल्या. मग त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असंही म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही आमच्याशी अशाच वागाल ना? तो साधा प्रश्न बाईंना फार लागला. त्यांनी तो लपवला नाही, लिहून ठेवला. 1962 साली तो लेख इंग्रजीतही छापून आला.

मैत्रिणींनो, तो प्रश्न आम्हालाही लागला. तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो की आपण सगळ्या एका ओळीत जेवतो. पण गावात परतल्यावर एका घरी बैठक होती. दुसऱ्या वस्तीवरच्या ताईंना चहा वेगळ्या कपात आला, तोही ओसरीवर. आम्ही पाहिलं. वहीत हजेरी लिहिली, बचत लिहिली, कर्जाचा हप्ता लिहिला. तो कप लिहिला नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही वारीतल्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. कुणी काही बोललं नाही. मग ठरवलं, बैठक आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी घ्यायची. त्या ताईंच्या घरी पाळी आली तेव्हा सात जणींनी चहा घेतला. दोघींना नेमका उपवास आठवला! आम्ही ते वहीत लिहिलं, नावं न घालता. वर्षाने पुन्हा तिथेच बसू आणि पुन्हा मोजू. बदल झाला की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

त्या मुलीला आम्ही सांगितलं, जरूर शीक. आपल्या तुळजापुरातही 1986 पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आहे. समाज शिकायला परगावीच जावं लागतं असं नाही. पण कुठेही शिकलीस तरी सुरुवात आपल्या ओसरीपासून कर.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या गटात चहा कसा होतो? पुढच्या बैठकीत नीट बघा. भेटू पुढच्या भागात.