थकलेल्या पिस्तुलबाजाची कुळकथा

पिस्तूल काढण्यात सगळ्यांत चपळ, पण त्याच लौकिकाला विटलेला, वय उतरणीला लागलेला माणूस. वेस्टर्नपटांत हे पात्र आता इतकं मुरलंय की ते पहिल्यापासूनच होतं असं वाटावं. माझ्या मते त्याचा मूळपुरुष म्हणजे १९५० च्या ‘द गनफायटर’मधला जिमी रिंगो. रिंगो हे आडनाव ॲरिझोनातल्या खऱ्या जॉनी रिंगोचं. तो १८८२ मध्ये डोक्यात गोळी लागून मेलेला सापडला होता. बाकी कथा विल्यम बॉवर्स आणि आंद्रे द तोथ यांची, दिग्दर्शन हेन्री किंगचं.

यातला रिंगो जवळजवळ सगळा वेळ गुत्त्याच्या कोपऱ्यात बसून असतो. दुरावलेल्या बायकोला आणि मुलाला एकदा भेटायचं, एवढ्यासाठी तो या गावात आलाय. मागावर तिघे भाऊ आहेत आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकतोय. काट्याचा हा ताण दोन वर्षांनी ‘हाय नून’ने जगभर गाजवला. बाहेर शाळा बुडवून आलेली पोरं खिडकीला नाकं लावून उभी आहेत, आणि त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही आहे. बापाला तो ओळखतच नाही. मला हे दृश्य साऱ्या गोळीबारांपेक्षा जास्त लागतं.

ग्रेगरी पेकने या भूमिकेसाठी त्या काळच्या फोटोंत दिसते तशी झुबकेदार, ओठांवर उतरलेली मिशी ठेवली. देखण्या नायकाचा चेहरा झाकला म्हणून स्टुडिओचे मालक चिडले, आणि गल्ला कमी जमला त्याचा दोषही मिशीलाच दिला. पण तिच्याशिवाय रिंगो इतका शिणलेला दिसलाच नसता.

शेवटी नाव कमवायला निघालेला एक उनाड तरुण त्याला पाठीत गोळी घालतो. मरता मरता रिंगो मार्शलला सांगतो की पिस्तूल आधी मीच काढलं. पोरगा फाशीतून सुटतो, पण आता ‘रिंगोला मारणारा’ म्हणून प्रत्येक गावात कुणीतरी त्याची वाट पाहत असणार. क्षमेच्या रूपातली इतकी कठोर शिक्षा मी दुसऱ्या वेस्टर्नपटात पाहिलेली नाही.

पुढे जॉन वेनचा अखेरचा चित्रपट ‘द शूटिस्ट’ (१९७६) आणि ईस्टवुडचा ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) याच घराण्यात जन्मले. बॉब डिलनने तर १९८६ च्या ‘ब्राऊन्सव्हिल गर्ल’ या लांबलचक गाण्याची सुरुवातच या चित्रपटाच्या आठवणीने केली.