यवनांचे देव आणि सातपुड्याचा वाघ

अंकलेश्वराहून बऱ्हाणपुराकडे जाणारा रस्ता गुजराथची हद्द ओलांडून महाराष्ट्रांत शिरला कीं थोड्याच अंतरावर खापर हें बाजाराचें गांव लागतें. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील हें गांव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आढळावयाचें नाहीं. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापीचें खोरें, आणि भोंवतालीं वसावे, पाडवी, वळवी अशा भिल्ल कुळांची वस्ती. गांवाचें नांव मात्र पुराणवस्तुसंशोधकाच्या कानास गोड लागण्याजोगें आहे. कारण राजांच्या प्रशस्तीपेक्षां फुटक्या मडक्याच्या खापरावर त्याचा विश्वास अधिक. हा नांवांतला केवळ योगायोग होय. परंतु प्रस्तुत विषयाकडे वळण्यास आम्हांस तो सोयीचा वाटला.

याच रस्त्यानें पश्चिमेस गेल्यास नर्मदेच्या मुखाशीं भडोच आहे. आपल्या जुन्या ग्रंथांतील भृगुकच्छ तें हेंच, आणि ग्रीक खलाशांचें बारिगाझाहि हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाची जी समुद्रप्रवासाची पुस्तिका लिहिली, तींत या बंदराचें वर्णन सर्वांत विस्तृत आहे. भरती-ओहोटीच्या भयंकर वेगामुळें परकीं जहाजें आंत आणण्यास राजाचे वाटाडे कसे सामोरे जात, इटलीची द्राक्षासवें, पोंवळें, तांबें, कथील आणि शिसें कसें उतरे, राजासाठीं रुप्याचीं भांडीं आणि गाणारीं मुलें कशीं येत, हें सारें त्यांत नमूद आहे. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे हल्लींचें तेर, असें तो सांगतो. आणि पैठणचा माल वाट नसलेल्या प्रचंड मुलखांतून गाड्यांवर घालून आणीत, असेंहि सांगतो.

परंतु या पुस्तिकेंतील दुसरीच एक ओळ आमच्या मनांत नेहमीं घोळत असते. भडोचेच्या मागच्या मुलखांत ओसाड प्रदेश व थोर पर्वत असून तेथें बिबळे, वाघ, हत्ती, अजस्र सर्प, तरस आणि नाना जातींचीं वानरें आहेत, असें हा व्यापारी लिहितो. बंदरामागचे थोर पर्वत म्हणजे मुख्यतः विंध्य, सातपुडा आणि सह्याद्रीचा उत्तर भाग. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हीं जनावरें म्हणजे वाटेंतलें विघ्न, किंवा फार तर हस्तिदंताची खाण. त्यांपैकीं कित्येकांपुढें तेथील माणसें हात जोडतात, हें त्याच्या टिपणांत नाहीं. जकात, वजनें आणि नाण्यांचे भाव टिपणारी त्याची नजर तिकडे वळण्याचें कारणहि नव्हतें.

पश्चिमेकडील देव मात्र घाट चढून आले. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं उत्खनन केलें. त्याच सुमारास त्या टेकडीवर मिळालेला व प्रा. कुंदणगार यांच्या नांवानें ओळखला जाणारा कांस्यवस्तूंचा सांठा प्रसिद्धच आहे. त्यांत वीतभरहि उंच नसलेली एक नग्न, दाढीधारी पुरुषमूर्ति निघाली. ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची. आयुध धरण्यासाठीं उचललेला हात आहे, आयुध नाहीं. तें त्रिशूळ असावयास हवें. तिच्या सोबत रोमन घडणीचा सुरईसारखा चंबू, आरसे, आणि अस्सल देशी घडणीचा, पाठीवर स्वार घेतलेला हत्ती, अशा वस्तु निघाल्या. हा हत्ती आणि तो समुद्रदेव आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत एकाच छपराखालीं नांदत आहेत.

या मूर्तीची सातवाहनकालीन कोल्हापुरांत पूजा होत होती काय? आमच्या मतें नाहीं. ती सांपडली ती देव्हाऱ्यांत नव्हे, तर भांड्यांकुंड्यांच्या सांठ्यांत. आणि चंबू व आरसा ज्या हौसेनें विकत घेतला जातो त्याच हौसेनें ती घेतली गेली असली पाहिजे. आपल्याकडील कारागीर परदेशी आकृति उचलीत तेहि असेच. कार्ले येथील चैत्यगृहांत धेनुकाकट गांवच्या यवनांनीं दान केलेले स्तंभ आहेत, आणि एका स्तंभशीर्षावर स्त्रीमुखी सिंहाची, म्हणजे स्फिंक्सची, आकृति आहे. म्हणून कोणी ओएडिपसाची कथा मावळांत सांगत होतें असें होत नाहीं. उलट दिशेचाहि दाखला आहे. १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें सांपडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ति, जिचें भोकरदन येथील हस्तिदंतकामाशीं निकट साम्य आहे, ती इ. स. ७९ त ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झाली तेव्हां त्या घरच्या मंडळींनीं तिला लक्ष्मी किंवा यक्षी म्हणून ओवाळलें असेल, असें मानण्यास आधार नाहीं. देवांच्या मूर्ति प्रवास करतात. त्यांचें देवपण बहुधा बंदरावरच उतरून राहतें.

आतां हा पोसायडन मुळांत कोण होता तें पाहूं. समुद्राचा देव म्हटला कीं आपणांस वरुण आठवतो आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतों. परंतु या देवाचें खरें नातें घोड्याशीं आणि बैलाशीं आहे. ‘हिप्पिओस’, म्हणजे अश्वाचा, हें त्याचें एक प्रसिद्ध बिरुद. आर्गोस प्रांतांत समुद्रांत उसळणाऱ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांत लगाम चढविलेले घोडे त्याच्या नांवानें सोडीत, असें पौसानियास हा दुसऱ्या शतकांतील प्रवासी लिहितो. त्यानेंच दिलेली आर्केडिया प्रांतांतील कथा तर आपल्या वाचकांस चकित करील. डेमिटर ही धान्यदेवता पोसायडनास टाळण्यासाठीं घोडी झाली. तेव्हां त्यानें घोड्याचें रूप घेऊन तिला गांठलें. फिगालिया येथील गुहेंत या देवीची मूर्ति घोडीच्या मस्तकाची होती. ही कथा वाचतांना संज्ञेनें घोडीचें रूप घेतल्याची व सूर्यानें अश्वरूपानें तिला गांठल्याची, ज्यापासून अश्विनीकुमार जन्मले ती, आपली कथा कोणास आठवणार नाहीं? दोन्ही कथा एकाच आदिम मुळापासून फुटल्या कीं स्वतंत्रपणें उपजल्या, या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं. घोडा आणि देव यांच्यामधील कुंपण दोन्ही ठिकाणीं सारखेंच ठेंगणें होतें, एवढें पुरे.

होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत पायलॉस नगरचे लोक समुद्रतीरावर पोसायडनास काळे बैल बळी देत असतात. ही कविकल्पनाच समजली जात असे. पुढें १९३९ सालीं कार्ल ब्लेगन यांस पायलॉसच्या राजवाड्याच्या अवशेषांत मातीच्या लेखपट्टिका मिळाल्या, आणि १९५२ सालीं मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञानें त्यांची लिपि उलगडली. पाहतात तों, इसवी सनापूर्वीं सुमारें बाराशें वर्षांच्या त्या हिशेबांत पोसायडनाचें नांव ठळकपणें आहे, आणि त्याच्याकडे जावयाच्या जिनसांची यादीहि आहे. गहूं, मद्य, एक बैल, चीज, मध, मेंढीचें कातडें! आपल्या एखाद्या जुन्या देवस्थानाच्या दफ्तरांत शोभावी अशीच ही यादी. त्या पट्टिका मुळांत कच्च्या मातीच्या. राजवाडा जळाला त्या आगींत त्या भाजल्या म्हणून टिकल्या. खापरेंच म्हणा ना.

ऑलिंपिया येथें जर्मन संशोधकांनीं १८७५ पासून जें उत्खनन केलें त्यांत झ्यूस देवास वाहिलेलीं कांस्याचीं व मातीचीं लहान लहान जनावरें हजारोंनीं मिळालीं. तीं बहुतेक घोडे आणि बैल. झ्यूसचा पक्षी गरुड. मग त्यास घोडे कां? तर देणाऱ्याजवळ जें मोलाचें, तें देवास. ज्याची संपत्ति गुरांची, तो गुरें वाहणार, आणि खरें जनावर परवडत नसेल तेव्हां त्याची प्रतिमा वाहणार.

येथें आम्ही पुन्हां सातपुड्याकडे वळतों. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरच्या बाजूस राठवा व भिल्ल लोकांच्या देवस्थानीं नवसाचे मातीचे घोडे रांगेनें मांडलेले असतात. घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगविले जातात. ऑलिंपियाच्या घोड्याशेजारीं असा एखादा घोडा ठेवला तर दोघांचें गोत्र एकच वाटेल. परंतु एक भेद मोठा आहे. डोंगरांतल्या भिल्लाच्या दारीं घोडा क्वचितच बांधलेला असे. घोडा हें राजाचें, स्वाराचें, वसुलीस येणाऱ्या अंमलदाराचें वाहन. ग्रीक गुराखी आपल्याजवळचें देवास देतो. हा गरीब मनुष्य स्वतःस जें कधीं मिळालें नाहीं तें आपल्या देवास देतो. मातीचा कां होईना, त्याच्या देवानें घोड्यावरून यावें. हा विचार कोणत्याहि अभिजात वाङ्मयांतील विचाराहून हलका आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

तरीहि आपल्या सुशिक्षित घरांतील वागणूक विलक्षण असते. ग्रीकांचें वृषभपूजन ही ‘संस्कृति’. क्रीट बेटांत क्नोसॉस येथें बैलावरून उड्या मारणाऱ्या तरुणांचें भित्तिचित्र ही ‘कला’. आणि खापरच्या आसपासच्या पाड्यावर वाघदेवापुढें नारळ फुटला कीं ती ‘अज्ञ लोकांची समजूत’. आम्ही इंग्रजी विद्येवर वाढलेले लोक. तिचें ऋण आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच विद्येच्या माहेरघरीं काय घडलें तेंहि लक्षांत ठेवावें. मिसर देशांत बेनी हसन येथें १८८८ सालीं देवीस वाहिलेल्या मांजरांचीं असंख्य शवें सांपडलीं. प्रत्येक शव कापडांत जपून गुंडाळलेलें. त्यांपैकीं सुमारें एकोणीस टन माल १८९० सालीं जहाजानें लिव्हरपुलास गेला आणि शेतांत खत म्हणून विकला गेला. आज त्यांतील एखादें उरलें तर संग्रहालयें तें कांचेखालीं ठेवतात.

दायमाबादची हकीकतहि येथें सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यांत प्रवरेकांठीं १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचें मूळ खणतांना चार धातुशिल्पें मिळालीं: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडीचा रथ, ज्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. सर्वांचें मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांचा काळ विवाद्य असला तरी पुष्कळ विद्वान त्यांस उत्तर हडप्पाकालीन मानतात. रथांतील पुरुष पशुपतीचें पूर्वरूप असावा, असेंहि एक मत आहे. मिरवणुकींत ओढून नेण्यासाठीं तीं घडविलीं असावींत, हें मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. ज्या समाजाच्या देवांस आपण क्षुद्र म्हणतों, त्याच समाजांतील एकाच्या कुदळीनें महाराष्ट्रास हें धन दिलें.

खापरपासून जवळच, हल्लींच्या गुजराथच्या हद्दींत, देवमोगरा हें याहामोगी देवीचें स्थान आहे. महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते आणि नर्मदा-तापींच्या दोआबांतील भिल्ल कुळें नवें धान्य घेऊन जातात. ती धान्याची माता. डेमिटरची कथा वर सांगितली आहे. नर्मदेवर सरदार सरोवर झालें तेव्हां अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील तेहतीस गांवें त्याच्या पाण्यानें बाधित झालीं. माणसांस सपाटीवर जमिनी मिळाल्या, कांहींस मिळण्यास वर्षें लागलीं; परंतु गांवशिवेवरचा देव म्हणजे अमुकच झाड व अमुकच दगड. त्यास पर्यायी जमीन कोठें द्यावयाची? पुनर्वसनाच्या कागदांत यास रकाना नसतो.

आणि वाघ? पेरिप्लसकारानें नोंदविलेल्या श्वापदांपैकीं हत्ती या डोंगरांतून केव्हांच नाहींसे झाले. वाघहि दिसेनासा झाला. बिबळ्या मात्र आहे, आणि उसाच्या फडांतून तो आपली हजेरी लावीत असतो. पण दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हां पाड्यापाड्यांवर वाघदेवाची पूजा होते. गुराखी शिवेवर जमतात, नैवेद्य होतो, गुरांचें रक्षण मागितलें जातें, आणि सर्वांचें एकत्र जेवण होतें. वाघ नसला तरी यंदाहि त्याचें पान चुकत नाहीं.