बाबांची पेटी आणि ओमानचा इसहाक

काद्दीशचे अकरा महिने संपले आणि आम्ही तिघा भावंडांनी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. आत मराठी हागादा, पाने सुटलेला सिदूर, किद्दूशचा चांदीचा पेला आणि वहीत जपलेली दहा रुपयांची एक तांबडी नोट. आखाती देशांसाठी आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून असे वेगळे रुपये काढी. मस्कतमध्ये ते १९७० पर्यंत चालले. बाबा तरुणपणी मुंबई-बसरा आगबोटीवर नोकरीला होते; वाटेत मस्कत लागे.

वाद झाला तो हागाद्यावरून. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, मग ठेवायचा कोणासाठी?

तेव्हा बाबांनी सांगितलेली इसहाकची गोष्ट आठवली. बुझुर्ग इब्न शहरियार या तांडेलाने ती हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. इसहाक हा ओमानचा यहुदी. दोनशे दिनार घेऊन तो निघाला आणि तीस वर्षांनी, इ. स. ९१२-१३ च्या सुमारास, चीनहून स्वतःचे जहाज भरून परतला. कस्तुरी, रेशीम, चिनी मातीची भांडी. तिथल्या अधिपतीला त्याने सोन्याच्या झाकणाचे काळे चिनी भांडे नजर केले. पुढे सुमात्रात त्याचा खून झाला, माल जप्त झाला. आज त्याचे काहीही उरलेले नाही. उरली ती लिहिलेली हकीकत.

बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून १८२८ मध्ये काही यहुदी मस्कतला आले, असे वेलस्टेड या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिले आहे. त्याच जाचामुळे डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. ससूनचे नाव मुंबई-पुण्याच्या इमारतींवर आहे. मस्कतची ती वस्ती मात्र विरून गेली. त्या घरांतले पेले, सिदूर कोणाकडे गेले, कोण सांगणार?

म्हणून आम्ही असे ठरवले. फाटका सिदूर रीतीप्रमाणे कब्रस्तानात पुरला. पेला बहिणीकडे गेला. दर शुक्रवारी संध्याकाळी तो भरला जातो. हागादा आणि नोट धाकट्याकडे. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिब्रू: ही कोणाची, कुठून आली, केव्हा वापरीत.

वाचकहो, आपल्या पेटीतल्या चिठ्ठ्या आपणच लिहा. आम्ही बाबांना पुष्कळ विचारायचे ठेवले होते. ती नोट त्यांनी का जपली, हे आमच्या चिठ्ठीत कोरेच राहिले आहे.